माल्टाला नेलेलं माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आमच्याकडं कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छातीही नव्हती. ताईच्या वेळी मात्र माहेरालाच उठून ताईकडं जावं लागलं. आमचे भावजी शिवणयंत्रांचे इंजिनिअर. त्यांना माल्टा नावाच्या बेटावर एका कापड कारखान्यात तीन वर्षांसाठी नेमलं होतं, आणि ताईच्या सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं. माल्टा कुठं आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कचेरीतून नकाशा आणला आणि इटलीच्या बुटाखाली माशी बसल्यासारखा एक ठिपका दाखवला. आई चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्याशा जागेत पोरगी बाळंत होणार कुठं?"

तशी ताई आली असती तरी आमच्याकडं तिची आबाळच झाली असती. त्या वर्षांत पावसानं सलग पाठ फिरवली होती आणि शहर मात्र वाढतच चाललं होतं. पाचोडकडची, फुलंब्रीकडची माणसं बिऱ्हाडं पाठीवर घेऊन कामाला येत होती, सिडकोत नव्या कॉलन्या उठत होत्या, आणि त्यांच्या विटांवर मारायला पाणी कुठून येतं यावर गल्लीत रोज भांडण जुंपायचं. गुलमंडीमागच्या आमच्या दोन खोल्यांत नळ तीन दिवसांआड यायचा. येण्याआधी तो म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा, आणि ते खाकरणं ऐकलं की आई हातातलं लाटणं टाकून धावायची. हंडे, पातेली, बादल्या, रिकामे तेलाचे डबे. एकदा तर देवघरातली समई सोडून घरातलं सगळं भरलं होतं. आता शहराचं नाव बदललं, आमची गल्ली मला स्वतःला ओळखू येत नाही, नळाची खोड मात्र तीच आहे. सांगायचं ते असं की माल्टाला आईनं जायचं ठरलं होतं, पण आई गेली तर पाणी कोण भरणार, हा प्रश्न सुटेना. म्हणून आत्या निघाली, आणि कॉलेजात इंग्रजी शिकते म्हणून तिच्यासोबत मी.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. पाचोडला दिली होती. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मूलबाळ नव्हतं, तरी पुढं कितीतरी वर्षं सासरीच राबली आणि मग भावाकडं आली. येताना तिनं पाचोडची बोली आणि बाळंतपणाची विद्या तेवढी बरोबर आणली. आमच्या सगळ्या नात्यातल्या बायकांची बाळंतपणं आत्यानंच केली. कुणाला दूध येत नाही, कुणाचं पोर रात्रभर किरकिरतं, बोलवा आत्याला. पण सव्वा महिना झाला, बाळंतीण विहीर पुजायला निघाली, तिची ओटी भरायची वेळ आली, की आई हळूच म्हणायची, "वन्सं, तुम्ही जरा आत बसा." ओटी सुवासिनीनं भरायची असते. आत्या आत जाऊन बसायची आणि घुगऱ्या वाटायच्या वेळेला बाहेर यायची. मला ते तेव्हा खटकायचं असं सांगितलं तर खोटं होईल. स्वयंपाकघराचं दार डावीकडं आहे, तसंच आत्याचं आत बसणं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला बाजूला घेऊन ओटीचा खण, नारळ आणि हळकुंडं दिली. "विहीर पुजल्यावर ओटी तिथल्या एखाद्या सुवासिनीकडून भरून घे. तूच लक्ष ठेव, वन्संना सांगायला मला बरं वाटत नाही," ती म्हणाली.

आत्याच्या ट्रंकेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड आणि बाळाच्या लंगोटांत गुंडाळलेल्या सोळा गोवऱ्या होत्या. बाळंतिणीला शेक आणि बाळाला धुरी द्यायची तर गोवरी हवीच, आणि परदेशात ती मिळेल याची खात्री काय? माल्टाच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं त्यातली एक उचलली, उलटीपालटी केली, नाकाशी नेली आणि माझ्याकडं बघितलं. माझं सगळं इंग्रजी तिथंच आटलं. "फॉर द बेबी," एवढंच मी म्हणाले. साहेबानं आणखी दोघांना बोलावलं. तेव्हा आत्या पुढं झाली आणि निजामाच्या काळात शिकलेल्या आपल्या दख्खनीत बोलली, "अरे भाई, गाय का है. सुखा है, साफ है. सूंगके देख." त्यांनी परत हुंगलं, आणि मग तिघंही जे हसत सुटले ते रांगेतले लोक माना वर करून बघायला लागले. शेवटी त्यांनी गोवऱ्या ठेवून घेतल्या आणि लाडू सोडले. आत्या गाडीत बसेपर्यंत धुसफुसत होती. "ह्या लोकांला गोवरी घेऊन करायचंय काय? घ्यायचेच व्हते तर लाडू घ्यायचे."

गाडीतून बाहेर बघता बघता तिचा राग मावळला. पिवळट खडकाळ जमीन, दगडांचे रचलेले बांध, बांधावर फड्या निवडुंग, मधूनच एखादं धुळकट झाड. "अगं, हे तं फुलंब्रीच की!" ती ओरडली. "एवढं इमानात बसून फुलंब्रीला आलो व्हय आपण?" भावजींनी खिडकीतून समुद्र दाखवला, तेव्हा कुठं तिची खात्री पटली.

ताईचं घर एका जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर होतं, रस्त्याकडं हिरव्या लाकडी सज्जाचं. नळ उघडला की पाणी लगेच यायचं, पण त्याला मचूळ चव होती. आत्यानं पहिल्याच दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवली. भावजी म्हणाले, "आत्याबाई, उद्या पण येणार आहे पाणी." आत्या म्हणाली, "आमच्याकडं बी असंच म्हणायचे." सकाळी चर्चच्या घंटा, मग पाववाल्याची हाळी, सज्जातून टोपली दोरीनं खाली सोडायची आणि गरम पाव वर ओढायचा, हे काम आत्यानं दुसऱ्या दिवसापासून कुणाला करू दिलं नाही. कोपऱ्यावर पापुद्र्याच्या करंज्या मिळायच्या, आत मटाराचं सारण. दुकानदाराला, मांस नाही ना, असं चार वेळा विचारून, एक फोडून, डोळ्यांनी बघून मगच आत्यानं ती तोंडात घातली, आणि नंतर रोज खाल्ली. आजूबाजूचे लोक आपसांत बोलायचे त्यात आमच्या हिंदीसारखा एखादा शब्द निसटून यायचा. जगाला ते 'दिन्या' म्हणतात हे कळल्यावर आत्याला फार आनंद झाला. तिच्या मते ती दुनियाच होती, फक्त बोलणाऱ्यांचे दात पडले होते.

ताईला मुलगी झाली. इस्पितळातून ती घरी आली आणि आत्यानं घर ताब्यात घेतलं. शेपेचा, डिंकाचा, तुपाचा वास जिन्यापर्यंत दरवळायचा. फक्त शेगडीवरून जावयाशी तिचं वाजलं. बाजेखाली निखारे ठेवून शेक द्यायचा ही आत्याची रीत, आणि इथं बाज नव्हती, जाड फोमच्या गादीचा पलंग होता. "अहो आत्याबाई, घर पेटेल!" म्हणून भावजी पलंगाखाली हात पसरून उभे राहिले. शेवटी रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेक द्यायचा, असा तह झाला. "जावईबापू, तुमची लेक मोठी झाल्यावर सांगीन तिला, तुझा बाप पिशवीवर भागवणारा माणूस हाय," आत्या म्हणाली.

आता राहिली विहीर. सव्वा महिना जवळ येत होता, आणि विहीर पुजल्याशिवाय ताईनं उंबरा ओलांडायचा नाही, यावर आत्या ठाम होती. भावजी म्हणाले, "चहूकडं समुद्र आहे, त्याची पूजा करा." आत्यानं त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की ते चहाचा कप घेऊन सज्जात गेले. "खारं पाणी पुजून पोरीचं दूध आटवू व्हय?" म्हणून दर रविवारी, भावजी घरी असताना, आम्ही दोघी विहीर शोधायला निघायला लागलो. जगभरचे लोक त्या बेटावर ऊन खायला आणि पोहायला येतात. विहीर बघायला आलेल्या आम्हीच असू.

तिथल्या बस पाहून आत्या खूश होती. प्रत्येक बस ड्रायव्हरनं आपल्या हौसेनं नटवलेली; पुढं मरियमआईची तसबीर, तिच्याभोवती प्लास्टिकची फुलं, वर लाल दिवा. आत्या चढली की आधी हात जोडायची, आणि ड्रायव्हर मान लववायचा. छताला एक दोरी होती. उतरायचं असलं की ती आपणच ओढायची, पुढं घंटी वाजते. "यष्टीत कंडक्टर वढतो, इथं ज्याचं त्यानं वढायचं. लई ब्येस!" असं म्हणून तिनं पहिल्या दिवशी तीन थांबे आधीपासूनच दोरी ओढायला सुरुवात केली. ड्रायव्हरनं तिन्ही ठिकाणी गाडी थांबवली. चौथ्या ठिकाणी आम्ही उतरलो तेव्हा सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या.

राजधानीला, वालेटाला, आम्ही गेलो. जिन्यासारखे रस्ते, खाली निळंशार बंदर, पण विहीर नाही. तटबंदीतल्या जुन्या शहरात, मदिनात, एका मठाच्या चौकात दगडी काठाची देखणी विहीर सापडली. आत्यानं हळदीकुंकवाची डबी काढताच रखवालदार धावत आला. ती विहीर बघायची होती, पुजायची नव्हती. एकदा वाळूचा किनारा लागला. तिथं शेकडो गोरी माणसं अंगाला तेल चोपडून उन्हात पडली होती. आत्या थांबून बघत राहिली. "वाळवणं घातल्यात जणू," ती म्हणाली. आणि मग गंभीर होऊन, "ह्यांला ऊनच पायजे व्हतं तर आपल्याकडं का नाय येत? आपल्याकडं लई हाय." आता नात मला त्या किनाऱ्याचे फोटो मोबाईलवर दाखवते, छत्र्या आणि होड्या. मला त्यात ऊन दिसलं की आत्याचं वाक्य आठवतं आणि मी एकटीच हसते.

चौथ्या रविवारी आम्ही बोटीनं शेजारच्या गोझो बेटावर गेलो. तिथं शेतात चक्क रहाट दिसला. आत्या लुगड्याचा ओचा खोचून बांधावरून धावली. विहीर कोरडी ठणठणीत होती. शेतकरी आला, त्यानं आकाशाकडं बोट केलं आणि दोन्ही हात झटकले. आत्याला भाषेची गरज पडली नाही. "हितं बी तेच," ती म्हणाली, आणि दोघं थोडा वेळ त्या खड्ड्याकडं बघत उभे राहिले. त्यानं आम्हाला ओंजळभर टमाटे दिले.

संध्याकाळी थकूनभागून परतलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कारमेनबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. साठीच्या असतील. फुलाफुलांचा झगा, कानात मोती, ओठांना लाली, बोटात अंगठी. रविवारी रविवारी कुठल्या किनाऱ्यावर जाता, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आम्ही विहीर शोधतोय. त्या एवढ्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्या आम्हाला हाताला धरून आत, स्वयंपाकघरामागच्या छोट्या चौकात घेऊन गेल्या. तिथं गोल दगडी काठ, त्यावर लोखंडी झाकण, शेजारी बादली. पावसाचं पाणी साठवायला तिथल्या जुन्या घरांखाली अशा विहिरी असतात म्हणे. आत्यानं डोकावून हाक मारली, "ओ!" आणि खालून गार, ओला "ओ" परत आला. "काखेत कळसा न् गावाला वळसा," ती मला म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांत आम्ही भरलेली विहीर बघितली नव्हती.

सगळं जमलं. सुवासिनीचा प्रश्नही सुटला, कारण आत्यानं कारमेनबाईंनाच निवडलं. "एवढी नटूनथटून ऱ्हाते, अंगठी हाय. तरी इचारून ये, तिचा मालक हाय ना?" मी दोन जिने उतरले, त्यांच्या दाराशी पोचले आणि माझा धीर गेला. पुस्तकातल्या इंग्रजीत, चांगल्या बाईला, तुमचा नवरा जिवंत आहे का, असं कसं विचारायचं? मी मिनिटभर तिथं उभी राहिले आणि वर येऊन सांगितलं, "आहेत."

पूजेच्या दिवशी ताई नवी साडी नेसून, बाळाला घेऊन खाली उतरली. विहिरीच्या काठावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, पाच खडे मांडले, कारमेनबाईंच्या कुंडीतली लाल फुलं वाहिली, दिवा लावला. ताईनं बाळ माझ्याकडं देऊन बादलीभर पाणी ओढलं. आता ओटी; तांदूळ, खण, नारळ आत्यानं सुपात मांडून ठेवले होते. "आलेच," म्हणून कारमेनबाई डोक्यावर जाळीचा रुमाल घ्यायला आत गेल्या. खोलीचं दार उघडंच होतं. भिंतीवर एका मिशाळ, हसऱ्या माणसाचा मोठा फोटो होता, खाली काळी फीत, पुढं मेणबत्ती. कारमेनबाईंनी ती पेटवली, स्वतःच्या बोटांना ओठ लावले आणि ती बोटं फोटोवर टेकवली.

आत्यानं ते बघितलं. हळू आवाजात तिनं मला विचारलं, "मालक गेलेलाय हिचा?"

"मी विचारलंच नव्हतं, आत्या," मी म्हणाले. ताईचं तोंड उतरलं. सव्वा महिन्याच्या बाळाची आई, परमुलखात, आणि ओटी भरणारं कुणी नाही. भावजींच्या कारखान्यातसुद्धा दुसरं आपलं माणूस नव्हतं. तेवढ्यात कारमेनबाई बाहेर आल्या. रुमाल सारखा केलेला, दोन्ही हातांची ओंजळ पुढं, देवळात उभं राहावं तशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना आता काय सांगायचं, आणि कोणत्या भाषेत?

आत्या सुपातल्या तांदळांकडं बघत होती. आमच्या घरात तिला 'आत बसा' असं कितीदा आणि किती हळू आवाजात सांगितलं गेलं होतं, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. मग तिनं सूप उचललं, कारमेनबाईंच्या जवळ गेली आणि त्यांच्या ओंजळीखाली आपला हात धरला. "ये बाई. अशी वंजळ धर. भर माझ्या लेकीची वटी."

कारमेनबाईंनी तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला, आणि आपल्या मनानं ताईच्या कपाळावर ओठ टेकवले. ताईनं त्यांना वाकून नमस्कार केला. पण पदर तिनं तसाच पसरून धरला होता. "आत्या," ती म्हणाली, "आता तू."

"मी?" आत्या मागं सरकली. मागं विहीर होती, जास्त सरकायला जागा नव्हती. तिनं कारमेनबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तिला बाजूला हो म्हणवलं नाय माझ्याच्यानं," ती म्हणाली, "मग सोताला तरी कशाला म्हणू?" आणि तिनं ओंजळ भरली. निम्मे तांदूळ पदरात पडले, निम्मे फरशीवर सांडले. आम्ही तिघी रडत होतो, आणि का रडतोय हे न कळूनही कारमेनबाई आमच्यापेक्षा मोठ्यानं रडत होत्या. बाळ तेवढं झोपलं होतं.

परतीच्या विमानात आत्यानं पट्टा बांधून घेतला. मग म्हणाली, "सुमननं इचारलं तर कारमेनबाईचं नाव सांग. खोटं नाय ते." सुमन म्हणजे आई. मी बरं म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा नळाचा दिवस नव्हता. तरी आईनं आमच्यासाठी आंघोळीचं पाणी राखून ठेवलं होतं. अण्णा अजून कचेरीतून यायचे होते. आम्ही तिघी चहा घेऊन बसलो, आणि बाळाचं नाक, ताईचं वजन, जावयांची गादी हे सगळं झाल्यावर आईनं ते विचारलंच. "ओटी कुणी भरली?"

"खालच्या कारमेनबाईंनी," मी ठरल्याप्रमाणं म्हणाले. आईनं समाधानानं मान हलवली. गोष्ट तिथं संपली असती.

"तिनं आधी भरली," आत्या म्हणाली. "तिचा बी मालक गेलेलाय. तिच्यामागनं मी भरली."

आईनं बशी खाली ठेवली. ती रागावेल असं मला वाटलं. मग तिचा आवाज आला, आणि तो मला तिचा वाटलाच नाही. "वन्सं, इतकी वर्षं तुम्हाला आत बसा म्हणणारी मीच होते."

"व्हय, तूच व्हतीस," आत्या म्हणाली. तिनं चहाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कमी घातलीस बघ."

आई पदरानं डोळे पुसत उठली आणि साखरेचा डबा घेऊन आली.